विंडोज १० वरून ११ वर जावं का? ऑफिसातले चार संगणक, चारही वेगळ्या पिढीचे

करटंकन_सातारा (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

करसल्ला आणि मराठी टंकन-डीटीपी अशी दोन्ही कामं होणाऱ्या छोट्या ऑफिससाठी सल्ला हवा आहे. चारही संगणकांवर विंडोज १० ची शेवटची आवृत्ती, म्हणजे २२एच२ आहे. तिचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पुढे काय करायचं ते ठरवायचंय.

१) लॅपटॉप. आय५-८२५०यू, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. टॅली प्राइम, जीएसटीचं काम, डीएससीचं (डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राचं) ईपास२००३ टोकन.

२) असेंबल केलेला. आय३-८१००, एच३१० बोर्ड, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, त्यावर सी, डी, ई. ६४-बिट विंडोज. पेजमेकर ७, कोरलड्रॉ, जुने बिगर-युनिकोड मराठी फॉन्ट. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक (११ चालेल का ते तपासणारं) सांगतं की सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं बूट सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) नाही आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग) सापडत नाही.

३) आय५-७४००, एच११० बोर्ड, ८ जीबी डीडीआर४, एसएसडी. इथे हेल्थ चेक थेट प्रोसेसरलाच नाही म्हणतं.

४) कोअर २ ड्युओ ई७५००, ४ जीबी रॅम, ३२-बिट विंडोज १०. डॉसमधला फॉक्सप्रोचा पगारपत्रकाचा प्रोग्रॅम, पॅरलल पोर्टवर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर.

चारही एकदम बदलायचे की टप्प्याटप्प्यानं? दुसऱ्या संगणकात टीपीएमची चिप विकत घेऊन बसवावी लागेल का? आणि तिसऱ्यावर हार्डवेअरची अट चुकवून ११ टाकून देतात, ते करावं का?

---

बायोसवाला

चारहींना एकच उत्तर लावू नका. तुमच्या यादीत चार वेगवेगळे निर्णय आहेत आणि त्यातले दोनच खरे तातडीचे आहेत.

लॅपटॉप: जा. आय५-८२५०यू हा आठव्या पिढीचा, ११ च्या अधिकृत यादीत आहे. रॅमची अट ४ जीबीची असली तरी टॅली, ब्राउझर आणि सोबत एक-दोन पीडीएफ उघडल्या की ८ जीबीच्या खाली काम रखडतं. तुमच्याकडे ८ आहे, चालेल. क्रम मात्र असा ठेवा.

आधी टॅलीत ऑल्ट+वाय, बॅकअप, आणि ती फाइल बाहेरच्या डिस्कवर. शक्य असेल तर क्लोनझिला वापरून संपूर्ण डिस्कची इमेजही घ्या. मग सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते पाहा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. अपग्रेडनंतर किंवा बायोस बदलल्यावर निळ्या पडद्यावर ती मागितली गेली आणि हाताशी नसली, तर डेटा परत मिळवायचा दुसरा रस्ता नाही. बाहेरचा अँटिव्हायरस असेल तर तो काढून टाका, नुसता थांबवून भागत नाही. सी ड्राइव्हवर २५-३० जीबी जागा मोकळी ठेवा.

मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आयएसओ (विंडोज ११ ची संपूर्ण सेटअप फाइल) उतरवा, त्यावर डबल क्लिक करा, सेटअप चालवा आणि 'कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स' निवडा. हा पर्याय फिकट दिसत असेल तर तिथेच थांबा. बहुतेक वेळा आयएसओची भाषा किंवा आवृत्ती जुळत नसते. इंग्लिश युनायटेड स्टेट्सवर इंग्लिश इंटरनॅशनलचा आयएसओ चालवला तरी हेच होतं.

सेटअप अर्ध्यातून परत फिरला आणि सी१९००१०१ ने सुरू होणारा एरर आला, तर जवळपास नेहमी एखादा ड्रायव्हर आडवा आलेला असतो. प्रिंटर, डोंगल, बाहेरची डिस्क सगळं काढून पुन्हा करा. 'सिस्टम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता आलं नाही' असं आलं तर १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन भरलेलं असतं. त्यातल्या मायक्रोसॉफ्टच्या बूट फोल्डरमधल्या फॉन्टच्या फाइल्स काढल्या की पुरेशी जागा होते.

अपग्रेड झाल्यावर मागे यायला १० दिवस मिळतात. तेवढ्यात महिन्याचं रिटर्नचं चक्र पूर्ण होत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टवर ही मुदत वाढवा: डीआयएसएम /ऑनलाइन /सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो /व्हॅल्यू:६०. टाइप अर्थातच रोमनमध्ये करायचं. ६० दिवस मिळतात, पण तोवर विंडोज.ओल्ड फोल्डरला आणि डिस्क क्लीनअपला हात लावायचा नाही.

टोकनबद्दल: प्रमाणपत्र टोकनमध्येच असतं, संगणकात नाही. अपग्रेडनं त्याला काही होत नाही. टोकन ओळखलं नाही तर त्याचं सॉफ्टवेअर काढून नवं टाका, एमसाइनरही (पोर्टलवर डिजिटल सही करून देणारं सॉफ्टवेअर) पुन्हा टाकून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'इनिशियलाइझ' नावाचं बटण दिसतं, त्याला कोणी कितीही सांगितलं तरी हात लावू नका. प्रमाणपत्र पुसलं जातं आणि नवं काढावं लागतं. चुकीचा पिन पुन्हा पुन्हा टाकला तरी टोकन लॉक होतं.

दुसरा संगणक: चिप विकत घेऊ नका. एच३१० आणि आय३-८१०० मध्ये टीपीएम २.० आधीपासून आहे, फक्त बंद आहे. इंटेल त्याला पीटीटी म्हणतं. असूसच्या बायोसमध्ये पीसीएच-एफडब्ल्यू कॉन्फिगरेशनखाली, गिगाबाइटमध्ये मिसेलेनियसखाली, एमएसआयमध्ये ट्रस्टेड कॉम्प्युटिंगखाली सापडेल. चालू केल्यावर विंडोजमध्ये रन उघडून टीपीएम.एमएससी लिहा, आवृत्ती २.० दिसली पाहिजे.

सिक्युअर बूटचं दुखणं वेगळं आहे. विंडोज जुन्या लेगसी पद्धतीनं टाकलेलं असणार आणि डिस्क एमबीआर (डिस्कच्या वाटणीची जुनी पद्धत) असणार. बायोसमध्ये जाऊन सरळ सीएसएम (जुन्या लेगसी पद्धतीनं बूट होऊ देणारी सोय) बंद केलंत तर संगणक 'बूट डिव्हाइस सापडत नाही' म्हणेल. घाबरू नका, सीएसएम परत चालू केलं की सुरू होईल. पण आधी डिस्क जीपीटी (वाटणीची नवी पद्धत) करावी लागेल. ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टवर एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /अलाऊफुलओएस चालवा आणि काय येतं ते इथे लिहा. /कन्व्हर्ट अजून चालवू नका.

---

अक्षरजुळणी

फॉन्टबद्दल लिहितो. डीटीपीच्या संगणकावर खरा घोळ तिथेच होतो आणि तो आठवड्यानंतर, छपाईला फाइल गेल्यावर लक्षात येतो.

जुने बिगर-युनिकोड मराठी फॉन्ट म्हणजे साध्या टीटीएफ फाइल्स. त्या ११ वर तशाच चालतात. पेजमेकर ७ हा ३२-बिट प्रोग्रॅम आहे, त्यामुळे ६४-बिट विंडोजवर तोही चालतो. अडचण येते ती फॉन्ट टाकण्याच्या पद्धतीत. फॉन्टवर राइट क्लिक करून नुसतं 'इन्स्टॉल' केलं तर तो त्या वापरकर्त्यापुरता बसतो, विंडोजच्या मुख्य फॉन्ट फोल्डरमध्ये जात नाही. जुने प्रोग्रॅम त्या मुख्य फोल्डरपलीकडे पाहत नाहीत. म्हणून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' निवडा. विंडोज ११ मध्ये तो पर्याय दिसत नसेल तर आधी 'शो मोअर ऑप्शन्स' वर जा.

दुसरं, रीजनच्या जुन्या खिडकीत ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबखाली बिगर-युनिकोड प्रोग्रॅमची भाषा इंग्रजीच ठेवा. तिथेच 'जगभरच्या भाषांसाठी यूटीएफ-८ वापरा' अशा अर्थाची बीटा चौकट असते, तिच्यात खूण नको. हे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या कोड-जागांवर मराठी आकार बसवतात. ती खूण केली की वरच्या १२८ जागांचा अर्थ बदलतो आणि जोडाक्षरं, रफार, काही मात्रा चौकोन होऊन बसतात. युनिकोडमध्ये चांगलं मराठी दिसावं म्हणून कोणीतरी उत्साहानं ती खूण करतो आणि शेजारच्या पेजमेकरची फाइल फुटते. युनिकोड मराठीला तिची गरजच नाही.

तिसरं मंगल फॉन्टचं. विंडोज १० पासून मंगल, अपराजिता, कोकिळा, उत्साह हे मूळ संचात येत नाहीत, देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स या ऐच्छिक भागात असतात. कोरं इन्स्टॉल केलंत तर मंगल नसेल, जुन्या वर्ड फाइल्स निर्मला यूआयमध्ये उघडतील, ओळींची उंची बदलेल आणि ४ पानांचा अर्ज ५ पानांवर जाईल. सेटिंग्ज, सिस्टम, ऑप्शनल फीचर्स इथे जाऊन तो भाग उतरवा. कळफलकाचं म्हणाल तर मराठी फोनेटिक आणि इनस्क्रिप्ट दोन्ही विंडोजसोबतच येतात.

टंकनाच्या सॉफ्टवेअरला यूएसबी लॉक असेल तर अपग्रेडच्या आधी त्या लॉकचा ११ साठीचा ड्रायव्हर उतरवून ठेवा. कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी जुना ड्रायव्हर लोड होऊ देत नाही आणि मग प्रोग्रॅम 'लॉक सापडत नाही' म्हणतो. लॉक बिघडलेलं नसतं. नवा ड्रायव्हर मिळालाच नाही तर मेमरी इंटिग्रिटी बंद करता येते, पण तो संगणक मग बँकेच्या आणि जीएसटीच्या कामाला वापरू नका.

---

मोकळाआकाश

तिसऱ्या संगणकाबद्दल माझं मत: आय५-७४०० वर ११ छान चालतं. रूफस या प्रोग्रॅमनं पेन ड्राइव्ह बनवताना टीपीएम आणि सिक्युअर बूटची अट काढायची खूण करता येते. प्रोसेसर चांगला आहे, एसएसडी आहे. फेकायचा कशाला? मासिक अपडेटही येतात.

---

बायोसवाला

@मोकळाआकाश, येतात हे खरं. पण मायक्रोसॉफ्टनं स्पष्ट लिहिलंय की अशा संगणकाला अपडेटचा हक्क नाही. शिवाय वर्षाची नवी आवृत्ती तिथे आपोआप येत नाही, दर वेळी आयएसओ आणून पुन्हा हातानं करावी लागते. ११ च्या प्रत्येक आवृत्तीला होम आणि प्रोमध्ये २४ महिनेच सपोर्ट असतो. २४एच२ चा १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतो, २५एच२ चा १२ ऑक्टोबर २०२७ ला. एक आवृत्ती करायची राहून गेली की पुन्हा विनाअपडेट. घरी, हौशीनं, लक्ष ठेवून करणाऱ्याला मी अडवणार नाही. पण इथे लोकांचे पॅन, आधार, बँकेचे तपशील आहेत. ते अशा संगणकावर ठेवू नयेत असं मला ठामपणे वाटतं.

यावर ईएसयू आहे, म्हणजे सपोर्ट संपल्यावरही विंडोज १० ला सुरक्षा अपडेट देणारी मायक्रोसॉफ्टची योजना. सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट इथे 'एनरोल नाउ' दिसेल. सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर फुकट, नाहीतर १००० रिवॉर्ड्स पॉइंट किंवा एकदाच ३० डॉलर. मुदत १३ ऑक्टोबर २०२६. मायक्रोसॉफ्ट खातं लागतं, एका खात्यावर १० संगणक बसतात. डोमेनला जोडलेल्या संगणकाला हा मार्ग नाही. तो घरगुती ग्राहकांसाठी आखलाय. व्यवसायांची योजना वेगळी आहे, पहिल्या वर्षी दर संगणकामागे ६१ डॉलर आणि पुढे दर वर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. तुमचं ऑफिस आहे, तेव्हा अटी वाचून मगच ठरवा.

बॅकअप चालू करताना एक सांभाळा. विझार्ड डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सही वनड्राइव्हला द्यायला सुचवतं. फुकट जागा ५ जीबी, ती भरली की सतत सूचना येत राहतात. त्या फोल्डरच्या खुणा काढा, फक्त सेटिंग्ज राहू द्या.

ईएसयू नसलेल्या विंडोज १० चा आणखी एक तोटा आहे. सिक्युअर बूटची २०११ सालची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून कालबाह्य होतात. २०२३ ची नवी प्रमाणपत्रं विंडोज अपडेटमधून येतात. ती मिळाली नाहीत म्हणून संगणक बंद पडणार नाही, पण बूटच्या भागाच्या पुढच्या सुरक्षा दुरुस्त्या थांबतील.

ईएसयूनं मिळालेल्या वेळात बोर्ड बदलायची तयारी करा. एच११० वर आठव्या पिढीचा प्रोसेसर बसवू असं दुकानात सुचवलं तर ऐकू नका. सॉकेटचं नाव तेच, ११५१, पण आठव्या पिढीला ३०० मालिकेचाच चिपसेट लागतो. डीडीआर४ चालणारा एच६१० बोर्ड आणि आय३-१२१०० घेतलात तर जुनी रॅम, कॅबिनेट, एसएसडी तशीच वापरता येते. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ नको. त्यात ग्राफिक्स नसतं आणि वेगळं कार्ड घ्यावं लागतं. लायसन्स आधी तपासा: एसएलएमजीआर /डीएलआय. ओईएम (संगणकासोबतच आलेलं) आलं तर ते जुन्या बोर्डासोबत संपलं, रिटेल (सुटं विकत घेतलेलं) असेल तर नव्यावर नेता येतं.

वापरलेला ब्रँडेड संगणक घ्यायचा असेल तर मॉडेल नंबर नीट वाचा. ऑप्टिप्लेक्स ३०६० चालतो, ३०५० नाही. थिंकसेंटर एम७२० चालतो, एम७१० नाही. बाहेरून जवळजवळ सारखेच दिसतात.

---

फॉक्सप्रोभक्त

चौथ्यावर ११ येणारच नाही, त्यात वेळ घालवू नका. २४एच२ पासून प्रोसेसरमध्ये एसएसई४.२ आणि पॉपसीएनटी या सूचना असाव्याच लागतात. ई७५०० मध्ये एसएसई४.१ पर्यंतच आहे, त्यामुळे कोणतीही अट चुकवली तरी तो बूटच होत नाही. ११ ला ३२-बिट आवृत्ती नाही आणि ६४-बिट विंडोजवर १६-बिट डॉस प्रोग्रॅम चालत नाही. तुमचा फॉक्सप्रो तिथेच अडतो.

आजच करायचं ते इतकंच: नेटवर्कची वायर काढा, वायफाय असेल तर बंद करा आणि त्या हार्ड डिस्कची पूर्ण इमेज घ्या. अशा संगणकात डिस्क किंवा एसएमपीएस कधीही जातो. प्रोग्रॅमचं फोल्डर, डीबीएफ (डेटाच्या फाइल्स) आणि त्यांच्या इंडेक्स फाइल्स वेगळ्याही कॉपी करून ठेवा.

मग तेच फोल्डर लॅपटॉपवर घेऊन व्हीडॉसमध्ये चालवून पाहा. डॉसबॉक्स मुळात खेळांसाठी लिहिलेला आहे. व्हीडॉस धंद्याच्या डॉस प्रोग्रॅमसाठीच आहे आणि विंडोजच्या प्रिंटरवर छापतो. तपासताना एका महिन्याचं पगारपत्रक दोन्हीकडे काढा. बेरजा आणि पानाची लांबी ताडून पाहा, कारण ८० आणि १३२ स्तंभांच्या पानात फरक पडला तर पहिल्यांदा तिथे दिसतो.

प्रिंटरसाठी यूएसबी-टू-पॅरलल केबल घेतली तर विंडोजला ती यूएसबी००१ नावाचा प्रिंटर म्हणून दिसते, एलपीटी१ म्हणून नाही. विंडोजमधून छापायचं असेल तर चालतं. एलपीटी१ च हवं असेल तर प्रिंटर शेअर करून नेट यूज एलपीटी१ नं त्याला जोडा. पीसीआय एक्सप्रेसचं पॅरलल कार्डही मिळतं, पण त्याचा पत्ता जुन्या बोर्डासारखा ३७८ नसतो. पोर्टला थेट लिहिणारे प्रोग्रॅम तिथे गप्प बसतात, विंडोजमार्फत जाणारे चालतात.

---

करटंकन_सातारा

सगळ्यांचे आभार. लॅपटॉप आणि चौथा स्पष्ट झाले, तिसऱ्याचा बोर्ड बदलायचं ठरवतोय. दुसऱ्यावर पीटीटी चालू केलं, टीपीएम.एमएससी मध्ये २.० दिसतं. पण एमबीआर२जीपीटी व्हॅलिडेशन फेल झालं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सिस्टम रिझर्व्ह्ड आणि सी निळ्या पट्टीत आहेत, डी आणि ई एका हिरव्या चौकटीत.

कोरं इन्स्टॉल करायचं जिवावर येतंय. कोरलड्रॉ आणि टंकनाच्या सॉफ्टवेअरची सेटअप सीडी हाताशी नाही.

---

बायोसवाला

हिरवी चौकट म्हणजे एक्स्टेंडेड पार्टिशन, डी आणि ई त्यातली लॉजिकल. एमबीआर२जीपीटीला फक्त प्रायमरी चालतात, त्याही जास्तीत जास्त तीन. असेंबल केलेल्या संगणकांवर ही वाटणी सर्रास असते.

डी-ई रिकाम्या करून पुन्हा बनवायची गरज नाही. तुम्हाला एसएसडी तशीही घ्यावीच लागणार, हार्ड डिस्कवर ११ इतकं संथ चालतं की अपग्रेडचा पश्चात्ताप होईल. तेव्हा दोन्ही कामं एकत्र उरका:

१. डी आणि ई मधला कामाचा डेटा आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग नव्या २.५ इंची साटा एसएसडीवर फक्त सिस्टम रिझर्व्ह्ड आणि सी क्लोन करा. डी-ई हार्ड डिस्कवरच राहू द्या. सी मधला वापरलेला डेटा एसएसडीत मावतो का ते आधी पाहा.

२. संगणक बंद करून हार्ड डिस्कची साटा केबल काढा. फक्त एसएसडीवर, अजून लेगसीतच, विंडोज १० सुरू करा. ही पायरी गाळू नका. दोन्ही डिस्कची ओळख-सही एकच राहिली तर विंडोज त्यातली एक ऑफलाइन करतं.

३. आता /व्हॅलिडेट पुन्हा चालवा. एसएसडीवर लॉजिकल काही उरलेलं नसल्यामुळे ते पास व्हायला हवं. मग /कन्व्हर्ट /अलाऊफुलओएस.

४. लगेच बायोसमध्ये जाऊन सीएसएम बंद, मग सिक्युअर बूट चालू. बूट यादीत विंडोज बूट मॅनेजर पहिला.

५. विंडोज १० नीट उघडलं, कोरलड्रॉ आणि पेजमेकर चालले की मग हार्ड डिस्कची केबल परत लावा. डी आणि ई ची अक्षरं बदलली असतील तर डिस्क मॅनेजमेंटमधून पूर्वीसारखी द्या, नाहीतर पेजमेकरच्या फाइलमधले चित्रांचे दुवे तुटतील. जुनी सी महिनाभर तशीच ठेवा.

६. एवढं स्थिर झाल्यावर लॅपटॉपसारखंच आयएसओनं ११. सगळे प्रोग्रॅम जागेवर राहतात.

---

करटंकन_सातारा

समजलं, एसएसडी मागवतो. एक शेवटचं: या संगणकावर बिटलॉकर कधी चालू केलेलं नाही. तरी रिकव्हरी की ची काळजी करायची का? आणि चौघांपैकी एखाद्यावर लिनक्स टाकावं का?

---

बायोसवाला

अपग्रेडमध्ये सहसा एन्क्रिप्शन आपोआप चालू होत नाही. २४एच२ पासून कोरं इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट खात्यानं आत गेलात तर होतं, तेही न विचारता. म्हणून अपग्रेडनंतर एकदा मॅनेज-बीडीई -स्टेटस चालवा. 'प्रोटेक्शन ऑफ' आणि शून्य टक्के आलं तर प्रश्न मिटला. चालू दिसलं तर की कागदावर घ्या, आणि पुढे बायोस अपडेट करताना आधी प्रोटेक्शन सस्पेंड करा.

---

मोकळाआकाश

लिनक्स मिंट २२ ला २०२९ पर्यंत सपोर्ट आहे आणि आय५-७४०० वर ते सुरेख चालेल. पण तुमच्या कामाला नको. पेजमेकर, कोरलड्रॉ आणि टॅली यांच्या लिनक्स आवृत्त्या नाहीत, डीएससी टोकनला खटपट फार. प्रिंटरमध्येही एचपी लेझरजेट १०२० ला वेगळं प्लगइन लागतं आणि कॅनन एलबीपी २९०० तर खूप दमवतो. तिसऱ्याचा बोर्ड बदलल्यावर जुना बोर्ड उरेल, त्यावर नुसतं ब्राउझर आणि युनिकोड टंकन करायचं असेल तर टाका. आधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवून वायफाय, आवाज आणि प्रिंटर तिन्ही तपासा. तोवर डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही.